स्ट्राइक आणि संप

लालबाग-परळच्या एखाद्या जुन्या चाळीत सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जाऊन पाहा. व्हरांड्यात पिंपावर नाहीतर स्टुलावर कॅरमचा बोर्ड मांडलेला असतो, वरचा दिवा दोरीने खाली ओढून बांधलेला असतो, आणि चार पोरे त्याच्यावर ओणवी झालेली असतात. "ए, स्ट्रायकर दे की इकडे!" हे वाक्य तिथे तासाला वीस वेळा ऐकू येते. त्याच मजल्यावर दोन दारे सोडून खाटेवर बसलेले एखादे आजोबा कोणाला तरी सांगत असतात, "नाही रे, ते संपाच्या आदल्या सालचं. संपात कसली आलीय लग्नं!" पोरांच्या तोंडातला स्ट्रायकर आणि आजोबांच्या तोंडातला संप यांचे काही नाते असेल, हे त्या मजल्यावर कोणाच्या मनातही येत नाही. येण्याचे कारणही नाही. पण इंग्रजीत हा एकच शब्द आहे. सोंगटीला टोला देणारी ती जाड चकती स्ट्रायकर, आणि काम टाकून गिरणीच्या दाराबाहेर उभा राहिलेला कामगार तोही स्ट्रायकरच.

या शब्दाविषयी आज थोडे बोलायचे आहे. मी काही भाषाशास्त्रज्ञ नव्हे. गिरणगावात वाढलो, आणि लहानपणी पडलेला एक प्रश्न अजून सुटलेला नाही, एवढाच माझा अधिकार.

प्रश्न असा. गिरणी कामगाराने इंग्रजी शब्द घ्यायला कधी कमीपणा मानला नाही. त्याने जॉबर घेतला, फिटर घेतला, बॉयलर घेतला, मस्टर घेतले. बॉबिनचे बाबीन केले आणि खिशात टाकले. युनियनला तो युनियनच म्हणाला आणि गेट मीटिंगला गेट मीटिंग. 'द्वारसभा' हा शब्द छापलेल्या पत्रकात राहिला. बोनस तर त्याने असा आपलासा केला की तो शब्द परका आहे असे सांगितले तर तो हसेल. मग ज्या गोष्टीने या वस्तीचे आयुष्य पुन्हा पुन्हा उलटेपालटे केले, तिच्यासाठी इंग्रजांचा तयार शब्द समोर असताना त्याने तो का उचलला नाही? "आज बसचा स्ट्राइक आहे" असे कधी कोणी म्हणतो, नाही असे नाही. पण लालबागमध्ये संप झाला. स्ट्राइक झाला नाही.

इंग्रजी शब्दाकडेच आधी पाहू. त्याचे मूळ जुन्या इंग्रजीत आहे आणि ते मोठे सौम्य आहे. हळूच घासणे, हात फिरवणे, वाटेने पुढे जाणे असे त्या जुन्या क्रियापदाचे अर्थ. गोंजारणे या अर्थाचा 'स्ट्रोक' हा शब्द त्याच घरातला. पुढे शतकांच्या ओघात हा फिरणारा हात कडक झाला आणि फटका मारू लागला. मग त्याने काय काय करायचे बाकी ठेवले? राजाबाई टॉवरच्या घड्याळाचे टोले पडतात, ते इंग्रजीत स्ट्राइक. आपण काडी ओढतो, तो स्ट्राइक करतो. आपण नाणे पाडतो, सौदा ठरवतो, ओळ खोडतो, तंबू उतरवतो. आपल्याला कल्पना सुचते, खणताखणता तेल लागते. वीज आपल्यावर कोसळते. यातल्या प्रत्येकासाठी आपले क्रियापद वेगळे आहे आणि इंग्रजाचे एकच. अमेरिकेत तर याची कमाल झाली. तिथल्या बेसबॉलच्या खेळात फलंदाजाने बॅट फिरवली आणि चेंडू लागलाच नाही, तर पंच ओरडतो, 'स्ट्राइक!' म्हणजे मारलेल्यालाही स्ट्राइक आणि चुकलेल्यालाही.

यावर हसण्याआधी आपण आपल्या 'मारणे'कडे पाहावे हे बरे. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, फेरी मारतो, शिट्टी मारतो, बाजी मारतो, आणि यात कोणाला इजा होत नाही. शिवाय आपण दांडी मारतो! कामावर न जाण्यासाठी मराठीतही मारण्याचेच क्रियापद आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज लागेल.

तर काम बंद ठेवण्याला इंग्रजीत स्ट्राइक कधीपासून म्हणू लागले? सहज वाटते की मालकाला फटका बसतो म्हणून. तसे नाही. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीवाढीसाठी तंटा मांडला. त्यांनी काय केले, तर नांगरलेल्या व्यापारी जहाजांची शिडे खाली उतरवली. शीड किंवा निशाण खाली घेणे यालाही इंग्रजीत स्ट्राइक करणे म्हणतात. शिडावाचून जहाज हलणार कसे? माल भरलेला, वारा अनुकूल, आणि जहाज जागच्या जागी. त्याच वर्षी टोप्या बनवणारे कारागीर कामावरून उठले, तेव्हा त्यांच्याविषयी लिहितानाही हेच क्रियापद वापरलेले सापडते. टोपीवाल्यांकडे कुठली आली शिडे? पण शब्द एकदा बंदराबाहेर पडला की तो परत जहाजावर चढत नाही. आज इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेकांना या शब्दात शीड दिसत नाही, ठोसाच दिसतो.

दुसऱ्या देशांनी या गोष्टीला काय नावे दिली तेही पाहण्यासारखे आहे. जर्मनांनी इंग्रजांचाच शब्द घेतला. स्पॅनिश माणसाच्या शब्दाच्या मुळाशी विसावा आहे, काम नसलेली मोकळी वेळ. फ्रेंच लोक संपाला 'ग्रेव्ह' म्हणतात. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची वाळू. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी या नावाचा चौक होता, आणि कामाच्या शोधातले मजूर सकाळी तिथे येऊन उभे राहत. आपल्याकडे रंगारी, गवंडी, बिगारी सकाळी नाक्यावर उभे असतात, अगदी तसे. चौकात उभे राहणे म्हणजे कामावाचून असणे, आणि त्यावरून पुढे काम टाकणे. फ्रेंच कामगार संपावर जातो तेव्हा शब्दाने तो 'नाक्यावर' जातो म्हणा ना.

आता आपला संप. या शब्दात ठोसा नाही, शीड नाही, विसावा नाही आणि नाकाही नाही. संप म्हणजे एकी. मराठीत त्याचा जुना अर्थ एकजूट, संगनमत असाच आहे, आणि शेजारच्या गुजरातीत तर तो आजही तेवढ्याच अर्थाने नांदतो आहे. 'संप त्यां जंप' अशी गुजराती म्हण आहे: जिथे सलोखा तिथे शांती. गुजराती आई भांडणाऱ्या मुलांना संपाने राहा म्हणून सांगते. कामबंदीला गुजरातीत हडताळ म्हणतात. आता मुंबईच्या गिरण्यांच्या मालकांत आणि पेढ्यांवरच्या मेहतांत गुजराती बोलणारे किती होते हे तुम्ही जाणताच. एकाच गिरणीच्या कचेरीत संप म्हणजे सलोखा आणि दाराबाहेर संप म्हणजे काम बंद! शब्द तोच, मधे फक्त लोखंडी फाटक.

मला वाटते माझ्या प्रश्नाचे उत्तर इथेच कुठेतरी आहे. इंग्रजी शब्द काय केले ते सांगतो. मराठी शब्द कोणी आणि कसे केले ते सांगतो. पहिल्याचा डोळा मालकाच्या जहाजावर आहे, दुसऱ्याचा शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या माणसावर. म्हणून दांडी एकट्याला मारता येते, पण संप एकट्याला करता येत नाही. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून आलेला माणूस, एका खोलीत गावचे दहा-पंधरा जण, खाणे एका खानावळीत, चूल सगळ्यांची एक. त्याला मालकाला हाणणे एवढे अवघड वाटत नव्हते. अवघड होते ते दहाजणांनी एका सकाळी एकच गोष्ट करणे. जे अवघड, त्याचेच नाव त्याने त्या गोष्टीला दिले असावे. हा माझा तर्क आहे. पटला तर घ्या.

मराठीत दुसराही एक शब्द होता, हरताळ. तो गुजरातीकडूनच आला. हट्ट म्हणजे दुकान, त्याला ताळे म्हणजे कुलूप. हा व्यापाऱ्यांच्या पेठेचा शब्द. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याच्या निषेधार्थ गांधीजींनी देशभर पाळायला सांगितला तो हरताळ, आणि त्या दिवशी सकाळी ते स्वतः गिरगाव चौपाटीवर होते. हरताळात दुकानाची फळी लागते, संपात भोंग्याला कोणी ओ देत नाही. दुकान ज्याचे त्याचे असते, कुलूपही ज्याचे त्याचे. गिरणीला कुलूप लावणे कामगाराच्या हाती कुठले? ते लावतो मालक, आणि त्याला आपण टाळेबंदी म्हणतो.

जाता जाता या हरताळाची एक गंमत सांगतो. मराठीत हरताळ नावाचा आणखी एक शब्द आहे, आणि त्याचा कुलपाशी काही संबंध नाही. संस्कृतातल्या हरिताल या पिवळ्या खनिजाचे ते नाव. पोथी लिहिताना चूक झाली की लेखक त्या अक्षरावर हरताळ लावून ते झाकून टाकत. त्यावरून हरताळ फासणे म्हणजे पुसून टाकणे, निकालात काढणे. आता इंग्रजीत चुकीची ओळ खोडण्यालाही स्ट्राइकच म्हणतात, हे वर आलेच आहे. म्हणजे तिकडे काम बंद ठेवणे आणि अक्षर खोडणे एका शब्दाचे दोन अर्थ, आणि इकडे दोन निराळे शब्द योगायोगाने एकाच ध्वनीचे. यातून कोणी काही सिद्धान्त काढू नये.

गिरणगावाकडे परत येऊ. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. वर्षाला एक दिवस. हा हिशेब कोणी कागदावर मांडून दिला नव्हता, तो वस्तीने मांडला. तिथे मजुरीची मागणी नव्हती, मालकाशी तंटाही नव्हता. मग फटका कोणाला मारायचा होता? पण एकी दाखवायची होती, आणि ती दाखवली. १९१९ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार बाहेर आले. १९२४ चा संप बोनससाठी झाला, १९२५ चा मजुरीतली कपात थांबवण्यासाठी. आणि १९२८ साली, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने मुंबईच्या बहुतेक गिरण्या थंड होत्या. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच संपात, मे महिन्यात, स्थापन झाली.

सहा महिने म्हणजे काय, याचा विचार करा. पगार नाही, वाण्याची उधारी थकलेली, खानावळवालीचे पैसे राहिलेले. ज्याला गाव होते तो गावी गेला आणि पावसाळ्यात भातशेतीत चिखल तुडवत राहिला. गावाकडची ती गुंठ्याची जमीन हीच त्या काळी संपाची खरी तिजोरी. ज्याला गाव नव्हते, त्याचे हाल कुत्रा खात नव्हता.

पण एकी हे नाव घेतले म्हणजे एकी झाली असे नव्हे. याच १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी एक प्रश्न विचारला. ते तेव्हा परळला पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत राहत, आणि गिरणगाव त्यांच्या दारातच होते. प्रश्न असा होता की गिरणीतल्या विणकाम खात्यात मजुरी जास्त, तर तिथे अस्पृश्य कामगारांना का येऊ देत नाहीत? कारण सगळ्यांना माहीत होते. कांडी बदलली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा, आणि तो चालत नव्हता सहकाऱ्यांना. मालकाला त्याचे सोयरसुतक नव्हते. सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मान्य करा, नाहीतर आमच्या लोकांना संपात राहू नका असे सांगेन, असे आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी यादीत घातली. मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असला तरी तो आम्ही केलेला नाही. मालकांच्या तोंडून निघालेले हे उत्तर कामगारांना किती झोंबले असेल! संप या शब्दाचा अर्थ जर एकी, तर त्या शब्दाला एवढे मोठे भोक होते, आणि ते धोट्याच्या भोकाएवढेच दिसत होते.

तेच आंबेडकर दहा वर्षांनी संपाच्या हक्कासाठी उभे राहिले, हेही सांगितले पाहिजे. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात औद्योगिक कलहाचे विधेयक आले. संप करण्यावर त्यात बंधने होती आणि काही प्रसंगी शिक्षाही. संपाचा हक्क म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशा अर्थाचे भाषण त्यांनी तिथे केले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला आणि संध्याकाळी परळच्या कामगार मैदानात सभा झाली. दहा वर्षांपूर्वी एकमेकांना प्रश्न विचारणारी माणसे एका व्यासपीठावर आली.

आणखी एक घटना केवळ शब्दासाठी सांगतो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या नाविक तळावर खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध काम थांबवले. लोण बंदरातल्या जहाजांवर पसरले. जहाजांवरचे ब्रिटिश निशाण उतरले आणि काँग्रेस, लीग व कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे वर चढले. त्यांनी आपली समिती नेमली आणि तिच्या इंग्रजी नावात 'स्ट्राइक' हा शब्द घातला. सरकारने मात्र त्याला बंडच म्हटले, कारण स्ट्राइक करणाऱ्याशी बोलणी करावी लागतात आणि बंडखोराला गोळी घालता येते. २२ तारखेला परळ-लालबागच्या गिरण्या त्यांच्या पाठिंब्यासाठी बंद पडल्या, रस्त्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. लंडनच्या खलाशांनी शिडे उतरवून जन्माला घातलेला शब्द पावणेदोनशे वर्षांनी मुंबई बंदरात निशाण उतरवणाऱ्या खलाशांच्या हाती आला. त्यांच्या मदतीला जे गिरणीवाले धावले, त्यांच्या भाषेत मात्र तो तेव्हाही संपच होता. आज मराठी पुस्तके त्या घटनेला कधी नाविकांचे बंड म्हणतात, कधी उठाव.

कायदा काय म्हणतो तेही ऐकण्यासारखे आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाची व्याख्या आहे. भाषा इंग्रजी आणि शब्द स्ट्राइक, पण व्याख्येत ठोसाबिसा काही नाही. एकत्रितपणे वागून केलेली कामबंदी, ठरवून दिलेला नकार, किंवा परस्परांच्या समजुतीने दिलेला नकार, असा तिचा आशय. एकत्र, ठरवून, समजुतीने: तीन वेळा फिरून कायदा त्याच गोष्टीवर येतो, जी आपल्या शब्दात दोन अक्षरांत आहे. इंग्रजी कायदेपंडितांना स्ट्राइकची व्याख्या करायला बसल्यावर संपच सापडला म्हणायचे! २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने त्यात भर घातली. पन्नास टक्के किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही संप. मघाची दांडी आठवते ना? निम्म्यांनी मिळून मारली की कायद्याने तिचा संप होतो.

या शब्दाभोवतीची क्रियापदेही लक्षात घ्या. संप पुकारतात, जशी मदतीला हाक द्यावी. संप फुटतो, मडके फुटावे तसा. चिघळतो, जखमेसारखा. आणि मिटतो, जसे घरातले भांडण मिटते. संप फोडणाऱ्याला आपण संपफोड्या म्हणतो. इंग्रज कामगार त्याला 'स्कॅब' म्हणतो, म्हणजे जखमेवरची खपली. दोन्ही शिव्याच, पण आपली जास्त लागते. खपली बाहेरची असते. मडके फोडायला घरातलाच लागतो.

ते मी पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर आली. तेव्हा मी सहावीत होतो. माझे वडील लालबागजवळच्या एका गिरणीत साचे चालवत, आणि धाकटे काका त्याच गिरणीत दुसऱ्या खात्यात होते. आमच्या दोन खोल्या एकाच मजल्यावर, मधे तीन दारे. पहिले काही महिने दोघे भाऊ रोज सकाळी मिळूनच नाक्यावर जात. मे महिन्यात आईने आम्हांला गावी नेले ते जून उलटून गेला तरी परत आणले नाही. दिवाळीला बोनस नव्हता आणि कंदीलही नव्हता. मग पुढच्या वर्षी एक-दोन पाळ्या सुरू झाल्याची बातमी आली. काकूचे ऑपरेशन व्हायचे होते. एका पहाटे काका डबा न घेता, मागच्या जिन्याने उतरले आणि आत गेले.

चाळीत तो शब्द उच्चारला गेला. खडूने दारावरही लिहिला गेला. कोणी लिहिला ते आम्हा पोरांना ठाऊक होते. वडिलांनी फडके ओले केले आणि तो स्वतः पुसला, पण काकांशी बोलणे त्या दिवसापासून बंद केले. गणपतीत काका आरतीला येत आणि दारातच उभे राहत. आई प्रसाद नेऊन देई. इतर वेळी त्यांचा विषय निघालाच तर वडील एवढेच म्हणत, "तो आत गेला." संपफोड्या हा शब्द त्यांनी सख्ख्या भावासाठी कधी वापरला नाही, आणि दुसऱ्या कोणाला आपल्यासमोर वापरू दिला नाही. काकांची नोकरीही पुढे चारच वर्षे टिकली. गिरणीच बंद पडली, आत असलेल्यांची आणि बाहेर असलेल्यांची.

त्या संपाचे एक वैशिष्ट्य असे की तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मागण्या मान्य झाल्या नाहीत, तडजोड झाली नाही, आणि संप संपला असेही कोणी जाहीर केले नाही. गिरण्यांच्या जागांवर पुढे मॉल आले, कचेऱ्यांचे मनोरे आले. वृत्तपत्रांत स्ट्राइक हा शब्द आता मराठीतही सर्रास येतो, पण तो क्रिकेटच्या स्ट्राइक रेटसाठी, किंवा २०१६ पासून सर्जिकल स्ट्राइकसाठी. म्हणजे इंग्रजी शब्द आपण शेवटी घेतलाच, पण त्याचा संपाचा अर्थ तिकडेच ठेवून. शिवाजी पार्कवर पोरे "सिंगल काढ, स्ट्राइक दे" म्हणून ओरडतात, ती ज्या घरांतून येतात त्यांतल्या कित्येकांच्या आजोबांनी दीड-दोन वर्षे संप केलेला असतो.

वडिलांना मी एकदा विचारले, "तुम्ही नक्की किती महिने संपावर होता?" मला एका अर्जात तो आकडा भरायचा होता. गिरणी कामगारांच्या घरांसाठीचा अर्ज होता तो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी नाही, आम्ही. आम्ही संपावर होतो असं लिही." रकाना एका माणसाचा होता, त्यात 'आम्ही' कसे लिहिणार? शेवटी मी तारीख तेवढी घातली, १८ जानेवारी १९८२ पासून, आणि 'पर्यंत'च्या पुढची जागा मोकळी सोडली. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज उलटासुलटा केला, काही न विचारता शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.